आमची वाटचाल : पाचर आपोआप पडली पाहिजे

गिरगावातल्या एका खोलीत, एका टेबलावर गिटारदुरुस्तीचं हे दुकान सुरू झालं. पहिली वर्षं ॲकॉस्टिकच्या कामात गेली. तारा बदलणं, घोडी घासणं, सैल खुंट्या बदलणं, एवढंच. आमचं नाव झालं ते ट्रेमोलोवाल्या, म्हणजे दांडी (बार) दाबून तारांचा सूर हलवणारी घोडी (ब्रिज) असलेल्या, इलेक्ट्रिक गिटारींमुळे, आणि दुकानाला कुलूप लागायची पाळी आली तीही त्यांच्यामुळेच.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक काका. त्यांच्या स्ट्रॅटोकास्टरची तक्रार ठरलेली : बार दाबून सोडला की ‘जी’ (G) तार चढलेली राहायची. आधी दोन ठिकाणी त्यांना ट्यूनर (खुंट्या) बदलायला लावले होते. दोन्ही वेळा पैसे गेले, तक्रार राहिली. दोष नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, होता. बार दाबला की तार सैल पडते आणि नटमागचा तुकडा थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर तेवढी तार परत यायला हवी, पण खाच तिला धरून ठेवते. म्हणून सूर चढा राहतो. बार वर ओढल्यावर नेमकं उलट होतं, तार उतरलेली राहते. एवढी एक खूण ओळखता आली की ट्यूनरवर खर्च करायची गरजच उरत नाही.

‘जी’ तार 0.016 इंचाची, म्हणजे साधारण 0.41 मिमी. खाच तिच्यापेक्षा केसभर रुंद हवी, तळ गोल हवा आणि उतार हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूला हवा. तार खाचेच्या पुढच्या कडेवरच टेकली पाहिजे. आम्ही तारेच्या मापाची कानस चारपाच वेळाच फिरवतो. मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून त्याच खाचेतून ओढतो आणि शेवटी पेन्सिलीचं शिसं भरतो. खोली तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या) मध्ये दाबायची. पहिल्या फ्रेटवर जेमतेम दिसेल एवढी फट राहिली पाहिजे. फट उरलीच नाही तर नट गेला, नवा घाला. सुरी कानस घेऊन ही खाच कोरणाऱ्यांनी गिटारींचं फार नुकसान केलं आहे, हे आम्हाला स्पष्ट लिहायचं आहे.

काकांची गिटार सुरात राहू लागली तशी ऑर्केस्ट्रावाल्यांची रीघ लागली. गणपती-नवरात्राच्या आधी टेबलावर जागा नसायची.

मग एका मोठ्या दुकानाचं काम आलं. चाळीस नव्या गिटारी, सगळ्या तरंगत्या ट्रेमोलोच्या, विक्रीआधी सेटअप करून द्यायच्या. ट्रेमोलो म्हणजे तराजू. एका पारड्यात सहा तारा, दुसऱ्यात पाठीमागच्या खाचेतल्या स्प्रिंगा. 9-42 चा संच (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या ट्यूनिंगला मिळून सुमारे 39 किलोने ओढतो. 10-46 चा संच सुमारे 47 किलोने. आम्ही प्रत्येक गिटार 9-42 वर बसवली आणि वहीत एकेक ओळ लिहिली : तारा 9-42, स्प्रिंगा तीन, ब्रिजच्या मागच्या कडेखाली फट 3.2 मिमी, सातव्या फ्रेटवर रिलीफ (मानेचा बाक) 0.25 मिमी, सतराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) 1.6 मिमी. ती वही अजून दुकानात आहे.

काउंटरवरच्या पोरांनी गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर 10-46 चढवल्या आणि मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू तसेच ठेवले. आठ किलो जास्तीचे एका पारड्यात पडल्यावर काय होणार? ब्रिज पुढे कलला, ॲक्शन वर गेली, इंटोनेशन (फ्रेटवर दाबलेल्या सुरांचा मेळ) बिघडलं आणि एक तार लावावी तर उरलेल्या पाच उतरायला लागल्या. गिटारी परत आल्या. दुकानाने गिऱ्हाइकांना सांगितलं की सेटअप करणाऱ्याने काम बिघडवलं. आमचं बिल अडकलं. वही दाखवायला आम्ही दोनदा गेलो, कुणी उघडूनही पाहिली नाही. त्या कामासाठी आणलेल्या स्प्रिंगा, कानशी आणि तारांची उधारी डोक्यावर होती, तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

आमच्या जागी जो आला तो क्लॉ गच्च आवळून, खाचेत लाकूड ठोकून गिटारी द्यायचा. एकेक गिटार पंधरा मिनिटांत. कुणाला ब्रिज बंदच हवा असेल तर आम्हीही बंद करून देतो, त्यात गैर काही नाही. पण न विचारता बंद करायचा आणि ‘ट्रेमोलो म्हणजे डोकेदुखी’ असं गावभर सांगायचं, हे आम्हाला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. 1954 पासून स्ट्रॅटोकास्टरवर हा ब्रिज आहे. त्याला ट्रेमोलो म्हणणं चूक आहे, कारण तो आवाज कमी-जास्त करत नाही, सूर हलवतो. पण यंत्र म्हणून त्यात खोट नाही.

त्या वर्षी काकांनी ऑर्केस्ट्रातल्या सहा गिटारी एकदम आणल्या आणि ‘काम नंतर करा, पैसे आधी घ्या’ म्हणाले. भाडं त्यातून फिटलं. सहापैकी दोन फ्लॉइड रोझ होत्या, म्हणजे नटपाशी तारा क्लॅम्पने आवळून बंद करायच्या ट्रेमोलोच्या. आमची आजची पद्धत त्या टेबलावर पक्की झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ब्रिज कुठे उभा राहायला हवा ते ठरवा. फ्लॉइडची प्लेट बॉडीला समांतर हवी. गिटार पालथी घालून ब्रिजचा ठोकळा आणि खाचेची शेपटाकडची भिंत यांच्यामध्ये सागवानी पाचर घाला. ब्रिज नेमका समांतर होईल एवढ्याच जाडीची. आता तारांनी कितीही ओढलं तरी ब्रिज हलत नाही, त्यामुळे सहाही तारा एका फेरीत लागतात. नट उघडाच ठेवा, फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे बारीक सूर लावायचे स्क्रू) मधोमध. तारा हाताने ताणा, परत लावा, असं तीन-चार वेळा करा. मग क्लॉचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. तारा आणि स्प्रिंगांची ओढ सारखी झाली की पाचर सैल होते आणि बोट लागताच खाली पडते. तिथे थांबा. पाचर उपटून काढावी लागली तर स्प्रिंगा अजून कमी पडताहेत. शेवटी 3 मिमीच्या ॲलन कीने नटचे तीन क्लॅम्प बंद करा आणि उरलंसुरलं फाइन ट्यूनरवर घ्या. इंटोनेशन त्यानंतर : बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरा असेल तर पुढे.

क्लॉला डाग दिलेली अर्थिंगची वायर असते. स्क्रू फिरवताना ती तुटते आणि मग लोक पिकअप बदलायला निघतात. गुणगुण अचानक सुरू झाली तर आधी ती वायर बघा.

फ्लॉइडच्या ब्रिजला सुरीसारखी धार असते आणि ती दोन खांबांवर टेकते. तारा ताणलेल्या असताना खांबांची उंची बदलली तर धार खरवडली जाते. एकदा ती बोथट झाली की ब्रिज परत त्याच जागी येत नाही, मग पाचर लावा नाहीतर काहीही करा. आधी तारा सैल, मग खांब. जुन्या सहा स्क्रूंच्या ब्रिजवर भार बाहेरच्या दोन स्क्रूंवर द्या आणि मधले चार अर्धा फेरा वर ठेवा, म्हणजे प्लेट अडकत नाही.

काकांना तरंगता ब्रिज एका खास मापाने लागतो. बार पूर्ण वर ओढल्यावर ‘जी’ तार तीन फ्रेट चढली पाहिजे, ‘बी’ दोन आणि वरची ‘ई’ एक. मागची फट त्यावरून ठरवायची. हे माप एकदा बसलं की बार वर ओढूनही सूर ओळखीचे येतात. आजही ते पावसाळा संपला की गिटार घेऊन येतात, कारण दमट हवेत मान हलते आणि ॲक्शन बदलते. ट्रस रॉडला (मानेतल्या सळईला) एका वेळी पाव फेरा, मग थांबायचं. घाईने पूर्ण फेरा दिलेल्या माना आमच्याकडे आल्या आहेत, सगळ्या वाचल्या नाहीत.

त्या मोठ्या दुकानातली गिऱ्हाइकं आता हळूहळू आमच्याकडे येतात. खाचेतलं ठोकलेलं लाकूड आम्ही काढतो आणि त्यांच्या हातात देतो. बिल मात्र आजतागायत मिळालेलं नाही.

गिटार आणताना बार सोबत आणा आणि ज्या मापाच्या तारा पुढेही वापरणार असाल त्याच आणा. माप बदलायचं असेल तर आधी सांगा. एक तार तुटली असेल तर बाकीच्या चढलेल्या दिसतील, कारण स्प्रिंगांचं पारडं जड झालेलं असतं. त्या उतरवत बसू नका, तशीच घेऊन या.