हिंजवडीची टेबलं नवी पेठेत

करोनानंतर पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या कंपन्या मजलेच्या मजले रिकामे करत होत्या, तेव्हा मी एका इंटिरियर कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर होतो. नवीन ऑफिस उभं करायची कामं थंडावली होती, उतरवायची मात्र भरपूर. उतरवलेलं फर्निचर भंगारवाले किलोवर नेत. टेबलाचा पंचवीस एमएम जाडीचा टॉप, पावडर कोटिंगचे पाय, एक ओरखडा नाही, आणि चाललंय वजनकाट्यावर! शेवटी नऱ्ह्यात पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, उद्यम नोंदणी केली आणि भाऊजींकडून थोडे पैसे उसने घेऊन पहिला लॉट उचलला.

कंपनी एकेक टेबल विकत नाही. अख्खा मजला, जसा आहे तसा. चांगल्या खुर्च्यांबरोबर मोडके ड्रॉवर, पिवळे पडलेले व्हाइटबोर्ड आणि कोणीही घेणार नाही असा रिसेप्शनचा सोफा गळ्यात पडतोच. पैसे आधी, गेटपास नंतर. काम शनिवार-रविवारी, तेही सर्व्हिस लिफ्टनेच. कार्पेट फाटलं तर अनामत गेली. नवीन माणूस आत शिरला की खुर्च्या मोजायला लागतो. मी आधी टेप घेऊन लिफ्ट मोजतो. टॉप लिफ्टमध्ये उभा मावत नसेल तर तो जिन्यानं उतरवावा लागतो, आणि मग स्वस्तात घेतलेला माल हमालीतच महाग पडतो.

घरून काम करणाऱ्यांना टेबलं विकावीत, हा सगळ्यांच्याच डोक्यात येणारा विचार. पण ऑफिसचं टेबल सुटं नसतंच. चार जणांच्या समूहात मधले पाय सामाईक असतात. चार टेबलं वेगळी केली की टॉप चार, पण पाय अपुरे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाय वेल्ड करून घ्यायचे, भोसरीला पावडर कोटिंगला पाठवायचे, आणि एवढं करून समोरचा म्हणणार, "ऑनलाइन याच भावात नवीन मिळतंय की."

वाट दाखवली ती नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या मालकीणबाईंनी. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागात एमपीएससी-यूपीएससीची मुलं गावोगावहून येऊन राहतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. मालकाचं गणित साधं: खोलीत खुर्च्या किती बसतात, तेवढा महिन्याचा धंदा. बाई म्हणाल्या, "दादा, मुलाला आडोसा पाहिजे, प्लग पाहिजे, दिवा पाहिजे. चार फूट टेबल मी देऊ शकत नाही. अडीच फुटांत बसवून द्या." आडोसा आमच्याकडे आधीच होता, कापडी पार्टिशनचा. त्याच्या पोटातून वायर न्यायला रेसवेही तयार होता. मापच तेवढं बदलायचं होतं.

चार फूट लांब, दोन फूट रुंद टॉपचा अडीच फूट तुकडा काढला की दीड फुटाचा पट्टा उरतो. पट्टा उभा चिरला की त्यातून दोन फूट लांबीच्या दोन फळ्या निघतात. त्या पार्टिशनला डोक्याच्या उंचीवर लावल्या की पुस्तकांची सोय झाली. आमचा खरा नफा या पट्ट्यात आहे, कारण फळीसाठी वेगळं लाकूड विकत घ्यावं लागत नाही.

कापणं मात्र शेडमध्ये हातमशीनवर करू नये. ही टेबलं प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्डची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीवर लॅमिनेट चिकटवलेली. त्याचा वरचा थर कडेला उडतो, आणि उघडी कड ओल लागली की पावासारखी फुगते. आम्ही सायझिंगच्या (बोर्ड मापात सरळ कापणाऱ्या) मशीनवर कापून घेतो आणि लगेच दोन एमएमची पीव्हीसी पट्टी गरम गोंदानं चिकटवून घेतो. दुसरी गोष्ट जुन्या स्क्रूच्या भोकांची. त्यांत स्क्रू पुन्हा धरत नाही, चार दिवसांत टेबल डुलायला लागतं. आमचे मिस्त्री पाय थोडे आत सरकवून नव्या जागी भोक मारतात आणि जुनं पुट्टीनं बुजवतात.

खुर्च्यांचं काम मला सगळ्यात आवडतं. बसल्यावर हळूहळू खाली जाते म्हणून ऑफिसनं टाकून दिलेली खुर्ची बहुतेक वेळा फक्त गॅस सिलिंडर बदलला की बरी होते. तिथे स्क्रू शोधू नका, सिलिंडर निमुळता असतो आणि नुसता दाबानं बसलेला असतो. खुर्ची उलटी करायची, पाच पायांची बैठक हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून सैल करायची, मग सीटच्या बाजूला सिलिंडरला पाइप रेंच लावून पिळायचं. सिलिंडर स्वतः कधी उघडायचा नाही, आत दाबाखाली नायट्रोजन असतो. अभ्यासिकेत चाकं चालत नाहीत, फरशीवर आवाज होतो आणि शेजारचा मुलगा वैतागतो. म्हणून चाकं काढून तिथे स्थिर बूट बसवतो. निघालेली चाकं खुर्ची दुरुस्त करणारे रोखीनं घेऊन जातात.

जीएसटीबद्दल बरेच जण गोंधळतात. जुना माल तसाच किंवा किरकोळ डागडुजी करून विकला आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, घेतलं नाही, तर नियम 32(5) प्रमाणे फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर कर लागतो. पण टेबल कापून वेगळी वस्तू केली की ही सवलत सांगता येत नाही; पूर्ण किमतीवर 18 टक्के. त्यामुळे कंपनीकडून बिल घेतो आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वळतं करतो. बिल न देणाऱ्याचा माल दिसायला स्वस्त, पण आमच्यासारख्याला तो महागच पडतो.

एका आसनामागे लॉटची किंमत साधारण 1,100 रुपये पडते, उतरवणी-वाहतूक 350, कापणी, पट्टी, वायरिंग आणि मिस्त्रींची मजुरी धरून आणखी 900. विक्री 3,200 ला, कर वेगळा, खुर्ची वेगळी. उरतं त्यातून शेडचं भाडं जातं, आणि माल लवकर हलला नाही तर भाडंच नफा खातं. म्हणून ऑर्डर हातात असल्याशिवाय हल्ली लॉट उचलत नाही. पेठेत माल पोचवायला छोटा हत्तीच बरा, मोठी गाडी त्या गल्ल्यांत वळत नाही.

एल आकाराची मॅनेजर टेबलं मात्र अजून शेडमध्ये पडून आहेत. एका दवाखान्याच्या काउंटरसाठी त्यांतली दोन जोडून द्यायचं बोलणं चाललंय. डॉक्टरांनी रंग पांढरा सांगितलाय आणि माप अजून दिलेलं नाही.