ढकलून मिळालेला पीआर

रविवार, रात्री

स्ट्राव्हाने, म्हणजे राइड नोंदवणाऱ्या त्या ॲपने, मला आज मेडल दिलंय. दिवे घाटाच्या सेगमेंटवर, म्हणजे ॲपने मोजायला ठरवलेल्या तुकड्यावर, पीआर, म्हणजे आजवर मी हा घाट जितक्यांदा चढलोय त्यातला आजचा सगळ्यात फास्ट. सकाळपासून खाली कुडोस (तिथले लाइक) पडतायत, 'काका रॉक्स', 'वय हा फक्त आकडा', एकाने नुसतेच आगीचे इमोजी टाकलेत. आणि मी इथे गुडघ्याला तेल चोळत बसून विचार करतोय की ही राइड झाकून ठेवावी का. पण झाकली तर ग्रुपच्या टोटलमध्ये माझे किलोमीटर धरले जाणार नाहीत, आणि तेवढा मनाचा मोठेपणा माझ्यात नाहीये, तेव्हा राहू दे.

झालं काहीच नाही खरं तर. नेहमीचीच राइड, स्वारगेटहून पहाटे निघायचं, हडपसर, मंतरवाडीचा तो कचऱ्याचा वास, वडकी, दिवे घाट चढून सासवड, तिथे नाश्ता आणि बोपदेव घाटाने खाली. थंडी मस्त होती. निघताना ब्रीफिंग झालं, पुढे लीड कोण, मधे कोण, मागे स्वीप कोण. स्वीप आज तो निळ्या जर्सीवाला पोरगा होता, जो दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा कॉलेजच्या बॅगेसकट आला होता आणि आता ज्याच्या मागे कुणी टिकत नाही तो. त्याला मागे ठेवतात कारण तो पुढे गेला तर बाकीच्यांचा दम निघतो. नो ड्रॉप राइड आहे आपली, म्हणजे कुणाला मागे सोडून जायचं नाही, आणि स्वीप आल्याशिवाय सासवडमध्ये कुणी ऑर्डर द्यायची नाही हा दादांचा नियम.

वडकीपर्यंत मी मधल्या घोळक्यात होतो. पुढच्याच्या चाकाला धरून गेलं की वारा लागत नाही, 'खड्डा' 'गाडी मागे' अशा आरोळ्या पास करत जायचं, छान चालतं, आपणही त्यातलेच वाटतो. घाट सुरू झाला की मात्र ही सगळी लोकशाही संपते. वारा अडवायला कुणी असून उपयोग नाही, चढ ज्याचा त्याने चढायचा. दुसऱ्या वळणाला मी एकटा होतो, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला होता, रुंदीकरणाच्या कामाची धूळ दाताखाली करकरत होती, आणि गिअर आता आणखी खाली जात नाही हे माहीत असून मी लिव्हर दाबत होतो. सगळेच दाबतात. जणू मागच्या चक्रीत एखादा जास्तीचा दात कंपनीने लपवून ठेवलाय.

आणि तेव्हा पाठीवर हात आला.

कमरेच्या जरा वर, मणक्याच्या उजवीकडे, पूर्ण तळवा. थाप नाही, नुसता टेकलेला, आणि मग त्यात हळूहळू जोर. ग्लोव्हजच्या आतलं ते रबरी पॅडिंग सुद्धा कळत होतं घामाने चिकटलेल्या जर्सीतून. आणि सायकल एकदम हलकी झाली. म्हणजे पायाखालचं ओझं कुणीतरी चिमटीत धरून उचलावं तशी. विचारलं नाही त्या निळ्या जर्सीवाल्याने, 'काका हात लावू का' वगैरे काही नाही, फक्त म्हणाला, "चला काका, आता एकच वळण." घाटात एकच वळण कधीच नसतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बरं, तो माझ्या उजव्या अंगाला होता, म्हणजे ट्रकच्या बाजूला. एका हाताने हँडल धरलेलं, एका हाताने मी. आणि वर बोलत होता! त्याची परीक्षा, कुठल्यातरी कंपनीचा इंटरव्ह्यू, घरमालक पाणी सोडत नाही ते, पूर्ण पूर्ण वाक्यं, मधे स्वल्पविराम. मी हो आणि नाही, आणि तेही एका श्वासात एकच. पहिल्या वाक्यातच सांगायला हवं होतं की नको रे, जमेल मला. तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलायला श्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर श्वास असता तरी बोललो नसतो. कारण बरं वाटत होतं. तेच डोक्यातून जात नाहीये. अपमान झाला असता तर सोपं होतं, चिडलो असतो, ग्रुप सोडला असता, महिन्याभराने परत आलो असतो. पण मला बरं वाटलं आणि हात काढला तेव्हा मी मागे वळून बघितलं की का काढला.

वर विठ्ठलाच्या त्या मोठ्या मूर्तीपाशी सगळे थांबलेले. मी पोहोचलो तर टाळ्या! "काय काका, आज हवेत!" तो माझ्या मागून दोन मिनिटांनी आला, मुद्दाम मागे राहिला असणार, आणि स्टँडला सायकल लावून निमूट चिक्की खात बसला. एक शब्द बोलला नाही. मीही नाही. मला वाटतं तिथेच गडबड झाली. त्याने चारचौघांत म्हटलं असतं की काकांना ढकललं, तर मी हसलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण त्याने माझी लाज राखली. म्हणजे त्याला वाटलं की ही लाज राखण्यासारखी गोष्ट आहे. विशीतल्या पोराला माझ्याबद्दल इतकं कळावं हे काही बरोबर नाही.

झेंडेवाडीवरून पुढे सासवडपर्यंत उतार आणि सपाटी, मी मुद्दाम पुढे राहिलो. अगदी पुढे. लीडच्याही पुढे, तर लीडने झापलं. बायका रस्त्याकडेला अंजिरांच्या पाट्या मांडत होत्या, एरवी मी थांबतो, आज थांबलो नाही. बापू असते तर त्यांनी थांबवलं असतं. बापूंची सायकल अजून त्यांच्या जिन्याखाली आहे, वहिनी विकत नाहीत आणि मी विचारत नाही.

मिसळ आली तेव्हा लक्षात आलं की सगळे माझ्यामुळे लवकर खातायत. म्हणजे असंही असेल ना, त्याला भूक लागली असेल! स्वीप आल्याशिवाय ऑर्डर नाही, मी पोहोचल्याशिवाय स्वीप नाही, मग मला ढकललं की मिसळ लवकर. शुद्ध स्वार्थ. हा विचार आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी एक्स्ट्रा पाव मागवला. पण मग त्याने स्वतःची प्लेट येण्याआधी माझी पाण्याची बाटली भरून आणून ठेवली आणि परत सगळं तिथेच आलं.

बोपदेव उतरताना वारा कानात भरतो तेव्हा विचार बंद होतात, त्या उताराबद्दल मी आजन्म ऋणी राहीन. येवलेवाडीला ट्रॅफिक लागलं आणि परत सुरू.

मी हे सगळं एवढं का उगाळतोय. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा पुण्यात दोघं शेजारी शेजारी सायकल चालवायचो आणि एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. फर्ग्युसन रोडवर हे दृश्य इतकं नेहमीचं की कुणी बघायचं पण नाही. चढ आला की ज्याच्या पायात जोर तो ओढायचा, दुसरा पायडल मारल्यासारखं करायचा. मी कित्येकदा ओढलाय लोकांना, मलाही ओढलंय. डबलसीट पकडली की पोलीस हवा सोडायचे, दिवा नसला की दंड, पण खांद्यावरच्या हाताला कुणाची हरकत नव्हती. तेव्हा मला कधी वाटलं नाही की आपल्याला कुणी वाहून नेतंय. मग आता काय झालं. मला वाटतं खांद्यावरचा हात बरोबरीच्याचा असतो. पाठीवरचा हात लहान पोराच्या पाठीवर असतो, किंवा आजोबांच्या. सायकल शिकवताना सीटला धरून पळतात तो, किंवा जिना चढताना मागून नुसता आधाराला धरलेला तो. मी यातला पहिला नाही एवढं नक्की. चिरंजीवांना शिकवताना मी सोडलं कधी आणि त्याला कळलं कधी हे... जाऊ दे. तो तिकडे बर्फात सायकलने ऑफिसला जातो म्हणे, फोटो पाठवतो सायकलचेच.

आणि तत्त्वाचाही प्रश्न आहे, हसू नका. मी 200 ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केलेली आहे. साडेतेरा तासांत 200 किलोमीटर, कार्डावर शिक्के घेत, मदत घ्यायची तर फक्त कंट्रोल पॉइंटला, मधे कुणाच्या गाडीने पाण्याची बाटली जरी दिली तरी नियमात बसत नाही. त्या दिवशी शेवटच्या चाळीस किलोमीटरला मी अक्षरशः रडत होतो पण कुणाचा हात लागला नाही. ते प्रमाणपत्र हॉलमध्ये लावलंय. ही म्हणते त्याची फ्रेम पुसायला मीच जातो. आणि आता त्याच माणसाच्या नावावर दिवे घाटात ढकलून मिळालेला पीआर. माझा खरा पीआर, जो मी घाम गाळून पाच वर्षांपूर्वी केला, तो आता दोन नंबरला गेला! मीच मला हरवलं, तेही चीटिंग करून. याची तक्रार कुणाकडे करायची.

हिला सांगितलं शेवटी. सांगायचं नव्हतं, पण जेवताना तिने विचारलं की आज इतके गप्प का, गुडघा का, मी म्हटलं गुडघा नाही, आणि मग सगळंच सांगितलं, जरा रंगवूनच, माझ्या बाजूने. तिने शांतपणे ऐकलं, भाताचं पातेलं खरवडता खरवडता म्हणाली, "अहो, माउलींच्या रथालासुद्धा दिवे घाटात जास्तीच्या बैलजोड्या लावतात. तुम्हाला एक लावला तर काय बिघडलं?"

आता हिच्या माहेरची वारी आहे त्यामुळे या विषयात मी बोलू शकत नाही. आणि खरंच आहे. आम्ही दोघांनी बघितलंय, पुण्याहून सासवडची ती मोठी चाल, घाटाच्या पायथ्याशी रथ थांबतो, आसपासच्या गावांतून आणलेल्या जोड्या मानाच्या जोडीपुढे जुंपतात, आणि मग टाळ मृदंगाच्या गजरात तो रथ वर चढतो. कुणी म्हणत नाही की मानाच्या बैलांनी चीटिंग केलं. उलट ज्यांची जोडी लागली ते वर्षभर गावात सांगत फिरतात.

पण मग मी म्हटलं की रथात पादुका असतात, माझ्या जर्सीच्या खिशात केळ्याची साल होती. तर म्हणे मग सालीपुरता तरी मान ठेवा पोराचा, थँक्यू म्हणालात का त्याला? नव्हतो म्हणालो. झोपतो आता.

सोमवार

काल लिहिलेलं वाचलं, जरा जास्तच झालंय, पण पुसत नाही. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसून त्याला थँक्यू टाईप केलं. पहिल्यांदा मोठं लिहिलं, मग कमी केलं, मग 'कालच्याबद्दल' एवढंच ठेवलं, मग वाटलं 'कालच्याबद्दल' हे फार सूचक वाटतंय, तेही काढलं. तेवढ्यात त्याचाच मेसेज आला. मला पर्सनलवर. माझ्या पोटात एकदम गोळा, की हा आता कालचा विषय काढणार.

"काका तुमचा मागचा टायर पार घासलाय, काल घाटात बघत होतो. दोरे दिसतायत. रविवारी सिंहगडला यायच्या आधी बदला प्लीज, उतारावर फुटला तर वाट लागेल."

म्हणजे मी रात्री साडेअकरापर्यंत जो हात पाठीवरून काढत बसलो होतो, त्या हाताचा मालक तेवढा वेळ माझा टायर बघत होता. मी बसमध्ये एकटाच हसलो, शेजारच्या बाईंनी पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

संध्याकाळी सायकल मिस्त्रीकडे नेली. पोरगं बरोबर होतं, रबर गेलंय, बोट फिरवलं तर आतले धागे लागतात. आलोच आहे तर म्हटलं मागची कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्र्या, पण बघा, मोठी चक्री 28 दातांची आहे, 32 ची बसेल का. तो म्हणाला बसवू, पण या आरडीला, म्हणजे चेन सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरला, झेपणार नाही, आरडी लांब पिंजऱ्याची घ्यावी लागेल, चेन पण नवीन, पैसे बघा काका. मी म्हटलं लाव बाबा, या वयात दात वाढले तर इथेच वाढतील. तो हसला नाही, त्याने हिशोब करून आकडा सांगितला आणि मग मीही हसलो नाही.

टायर तेवढा टाकून घेतला. पुढचा पण बदलायचा का म्हणे. म्हटलं पुढचा चांगला आहे, जोर सगळा मागूनच येतो.