'प्रमाणित पद्धतीने' म्हणजे नेमकं कोणत्या?

आजची सगळी दुपार एका वाक्यापायी गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या पेपरात होतं, 'प्रथिनांचं प्रमाण एओएसीच्या प्रमाणित पद्धतीने काढलं.' बस, एवढंच. एओएसी म्हणजे अन्न, पशुखाद्य वगैरे तपासण्याच्या पद्धती प्रमाणित करणारी संस्था. तिच्या संग्रहात हजारो पद्धती आहेत, यातली कोणती?

तिची प्रयोगवही उघडली. पशुखाद्याचे नमुने, तांब्याचा उत्प्रेरक, केल्डालची पद्धत (नमुना आम्लात उकळून त्यातला नायट्रोजन मोजायचा). म्हणजे पद्धत क्रमांक ९८४.१३. हा आकडा मला फार आवडतो, कारण तो बोलतो: ९८४ म्हणजे १९८४ साल, १३ हा त्या वर्षातला क्रमांक. २००० नंतरच्या पद्धतींत साल पूर्ण चार आकडी येतं. पेपरात मात्र दुसऱ्याच कुणाच्या लेखातून उचललेला, संग्रहाच्या तिने कधी न उघडलेल्या आवृत्तीचा संदर्भ होता. आम्ही तो काढला. पद्धत क्रमांक आणि तिने खरोखर वापरलेली आवृत्ती, दोन्ही लिहिलं.

मग सापडलं की नमुना तिने निम्माच घेतला होता आणि आम्लही त्याच हिशेबाने कमी केलं होतं. हे चुकीचं नाही, पण 'थोडा बदल करून' म्हणून भागत नाही. किती ग्रॅम, किती मिलिलिटर ते सांगायलाच हवं. आणि गुणक! नायट्रोजनवरून प्रथिनं काढताना त्याला ६.२५ ने गुणलं की ५.७ ने, यावर उत्तर बदलतं. गव्हासाठी ५.७ वापरतात, दुधासाठी ६.३८. तिने ६.२५ घेतला होता, पशुखाद्याला तो ठीकच, पण पेपरात कुठेच नव्हता.

संध्याकाळी तिने विचारलं, "सर, बाकीच्या चाचण्यांचंही असंच बघायचं का?" उद्या सकाळी तंतुमय पदार्थांपासून सुरुवात करतोय.