फॉर्म भरायचा राहिला

रविवार, रात्री

दुपारी जेवणं झाली आणि अण्णांनी निळी फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. वर नवऱ्याचा जातीचा दाखला, खाली लेकीचा जन्मदाखला, त्याखाली लाइट बिल. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. "आरटीईचे फॉर्म सुटलेत. आपण वंचित गटात बसतो. उत्पन्नाची अट नाही. भरून टाक," म्हणाले आणि आडवे व्हायला गेले. सासरे पोस्टातून निवृत्त झालेत. कागद पूर्ण असले की त्यांच्या लेखी काम झालेलंच असतं.

आम्ही शिंपी, म्हणजे ओबीसी. आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १२(१)(सी) कलमाने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. आठवीपर्यंत फी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी. (अल्पसंख्याक शाळांना यातून सूट आहे, म्हणून मुंबईतली बरीच नावाजलेली कॉन्व्हेंटं या यादीत सापडतच नाहीत.) महाराष्ट्रात दुर्बल म्हणजे वर्षाला १ लाखाच्या आत उत्पन्न. वंचित गटाला मात्र उत्पन्न विचारत नाहीत, आणि त्या गटात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त यांच्याबरोबर ओबीसीही येतात.

हा विमा कंपनीत, मी सहकारी बँकेत. दोघांचे मिळून वर्षाला १६ लाख होतात. फ्लॅटचा हप्ता ३८ हजार. स्वतःला गरीब म्हणवण्याची सोय नाही आणि श्रीमंत म्हणावं तर दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता आठवतो.

रात्री भांडी घासता घासता हिशेब केला. आम्हाला हवी असलेली शाळा, एलबीएस मार्गापासून आत, घरापासून चालत बारा मिनिटं. फी वर्षाला ९५ हजार. पहिली ते आठवी आठ वर्षं. ७ लाख ६० हजार, आणि तेही फी वाढलीच नाही असं धरून. नळ तसाच वाहत राहिला होता.

मंगळवार

फॉर्म घरी लॅपटॉपवर भरता आला असता. तरी ऑफिसातून येताना पाय भांडुप स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे वळले. दुसऱ्या कुणी भरून दिला तर तो आपण भरला असं होत नाही, असं काहीतरी डोक्यात असावं.

दुकानाबाहेर पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय: 'आरटीई, पॅन, पीएफ, फॉर्म भरून मिळेल'. आत पाच-सहा जण. माझ्या पुढे खाकी शर्टातला रिक्षावाला, हातात कॅरीबॅग, तिच्यात कागद. दुकानदार पोरगा एका हाताने टाइप करत होता आणि तोंडाने २०२४ चा किस्सा ऐकवत होता. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला सरकारने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधन नाही. "मुंबईत एक किलोमीटरमध्ये महापालिकेची शाळा नाही असं ठिकाण दाखवा मला! यादीतून खासगी शाळा गायब. पब्लिक येऊन मलाच शिव्या घालायची." मग पालक कोर्टात गेले, ६ मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला ती अधिसूचनाच रद्द झाली. "एकाच पोराचे दोन-दोन फॉर्म भरले मी त्या साली. धंदा डबल."

मी ऐकत होते. २०२४ मध्ये ही बातमी मी धड वाचलीसुद्धा नव्हती. तेव्हा लेक चार-साडेचार वर्षांची होती, आणि आरटीई ही आपली गोष्ट नव्हे असं मी सहज धरून चालले होते. कोर्टात गेलेल्यांची होती. आता त्यांच्यामुळे जागा शाबूत राहिल्यावर आमची निळी फाइल बाहेर आलीये.

रिक्षावाल्याचा नंबर आला. पोराने विचारलं, "उत्पन्न?" त्याने कॅरीबॅगमधून तहसीलदाराचा दाखला काढला. ९६ हजार. टाइप करायच्या आधी पोराने नुसतं वर बघितलं. रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे, मी मोबाइलमध्ये तोंड घातलं.

९६ हजार म्हणजे महिन्याला ८ हजार. मर्यादा १ लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३. भांडुपच्या डोंगरावर दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं देऊन ८,३३३ रुपयांत कोण जगतं? पुढे आमचं बोलणं झालं तेव्हा त्यानेच सांगितलं, "भाड्याची रिक्षा आहे ताई. मालकाचे देऊन, गॅस भरून पाचशे-सहाशे हातात राहतात, सुट्टी नाही केली तर. खरं लिहिलं तर दाखला मिळत नाही आणि दाखला नाही तर फॉर्म नाही."

मग नकाशा. त्यात घराच्या जागी बलून ठेवायचा असतो, त्यावरून शाळेचं अंतर ठरतं. त्याचं घर डोंगरावर, नकाशात नुसते करडे ठिपके. पोरगा कंटाळला होता. मी म्हटलं, दादा, मी बघते. "वर गणपतीचं देऊळ आहे, तिथून पाण्याची टाकी, टाकीच्या मागे दुसरी गल्ली." टाकी सापडली. स्क्रीनला नाक लावून तो म्हणाला, "हां, हेच पत्रे आमचे, निळी ताडपत्री आहे ती." बलून ताडपत्रीवर ठेवला. अंतर एक किलोमीटरच्या आत आलं. तिथून शाळेपर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्या, हे नकाशाला दिसत नाही.

भाडेकरार नोंदणी केलेलाच लागतो. त्याचा खोलीमालक नोंदणीला तयार नव्हता, शेवटी भाडं पाचशेने वाढवून घेतलं आणि तयार झाला. कॅरीबॅगेत तो करार सगळ्यात आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

दहा शाळांपर्यंत निवडता येतात. त्याने पहिली टाकली ती आमचीच.

"तुमचं काय भरायचं, मॅडम?" पोराने विचारलं. मी दोन पासपोर्ट फोटो काढून घेतले आणि घरी आले.

बुधवार

अण्णांशी वाजलं. वाजलं म्हणजे ते बोलले, मी भाकरी थापत राहिले.

मी एवढंच म्हटलं होतं की अण्णा, आपल्याला फी परवडते. ते म्हणाले, "परवडण्याचा प्रश्न कुठे आला? कायदा आपल्याला देतोय. खोटं एक अक्षर लिहायचं नाहीये."

खरं आहे. मला एक अक्षरही खोटं लिहायचं नाहीये, आणि मला तेच टोचतंय. ज्याच्या घरात पाण्याचा ड्रम आणि गादी एकमेकांना लागून आहेत त्याला दाखल्यावर खोटा आकडा हवा, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटात राहणारी मी धुतल्या तांदळासारखी. दोघं एकाच लॉटरीत.

अण्णांचा राग मात्र मला उगाच वाटत नाही. त्यांचे वडील लालबागला चाळीच्या जिन्याखाली मशीन घेऊन बसायचे. त्या मशीनचं पायडल अजून आमच्या गॅलरीत आहे, वर तुळस ठेवलीये. अण्णांना सातवीत गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा मास्तर वर्गात म्हणाले होते, "मापं घ्यायला एवढं गणित पुरे." हे अण्णा वर्षातून एकदा सांगतात आणि दर वेळी मास्तरांच्या आवाजात सांगतात. आज म्हणाले, "तेव्हा कुणी माझ्यासाठी जागा सोडली होती का?"

याला उत्तर नव्हतं. भाकरी करपली.

हा नेहमीप्रमाणे मधोमध. "तू सोडलीस म्हणून ती जागा त्याला मिळेल असं थोडंच आहे? लॉटरी आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी घेतलीच ना?" खालच्या मजल्यावरच्यांकडे दोन गाड्या आहेत. त्यांचा मुलगा आरटीईतून जातो, आणि ते लपवतही नाहीत. ह्याचं गणित बरोबर आहे. पहिलीला ६० जागा धरल्या तर २५ टक्क्यांच्या १५. मी नाही भरला तर डब्यातली एक चिठ्ठी कमी होते, बस. रिक्षावाल्याच्या हातात काही पडत नाही.

पण भरला आणि लागला, तर त्या १५ मधली एक जागा नक्की जाते. कुणाची, ते मला कधी कळणारही नाही. कळणार नाही, ही त्यातली सोय.

शुक्रवार

बँकेत डबा खाताना मैत्रिणीशी बोलले. ती बौद्ध आहे, तिचा मुलगा आरटीईतून दुसरीत आहे. पगार माझ्याएवढाच. मला वाटलं ती ओशाळेल. ती अजिबात ओशाळली नाही, उलट मलाच ओशाळायला लावलं.

"माझ्या लेकाला पहिल्या आठवड्यात एका मुलाच्या आईने पूर्ण नाव विचारलं," ती म्हणाली. "नाव आवडलं म्हणून नाही, आडनाव ऐकायचं होतं. मी पूर्ण फी भरून घातला असता तरी तिने विचारलंच असतं. पैशाने ते बंद होत नाही. म्हणून त्या रकान्यात उत्पन्न नाहीये. तुला कुणी विचारतं का आडनाव?"

अण्णांना विचारत होते. ह्याला कॉलेजात एकदोनदा. माझ्या लेकीला? चाळीस बिऱ्हाडांच्या आमच्या सोसायटीत शिंपी म्हणजे काय हे निम्म्या मुलांना माहीतही नसेल. अगदी नक्की सांगता येत नाही, पण तिच्यापुढे असं दार मला तरी बंद दिसत नाही. तेव्हा उत्पन्नाची अट सगळ्यांनाच लावा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. प्रश्न फक्त माझ्या फाइलीचा आहे. डबा बंद करताना ती म्हणाली, "आणि तू नाही भरलास म्हणून मी नालायक, असं कुठे लिहू नकोस हं." लिहीत नाहीये. एवढंच लिहितेय.

जाता जाता तिने दुसरी काडी टाकली: एवढंच आहे तर महापालिकेच्या शाळेत घाल ना.

हा मुद्दा मी गेले सहा महिने टाळतेय. हा स्वतः महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला. महापालिका आज आठ माध्यमांत शिकवते, मुलांना २७ शालेय वस्तू फुकट देते, सीबीएसईच्या शाळाही काढल्यात. जोगेश्वरीच्या पूनम नगरच्या शाळेनंतर आपल्या पट्ट्यातही आल्या, आणि त्यांच्यासाठी लॉटरी काढायची वेळ आली. तिथे गेलो तरी रिक्षावाल्याच्या मुलीशीच लॉटरीत समोरासमोर. आणि ह्याच्या जुन्या मराठी शाळेत? तिथे जागाच जागा. कुणाची जागा मारल्याचं पाप नाही. आमच्यासारखे चार जण तिथे गेले असते तर शाळेला बरं झालं असतं, हेही मला कळतं. तरी घालणार नाही. का, तर भीती. इंग्रजीची, मागे पडण्याची, सोसायटीत सांगण्याची. न्याय-अन्यायाचा एवढा खल करणारी मी इथे येऊन गप्प बसते, हेही लिहून ठेवते.

शनिवार, शेवटची तारीख

रात्री साडेदहा. फॉर्म उघडलाय. नाव, जन्मतारीख, जात, सगळं भरून झालं. बलून आमच्या गच्चीवर ठेवला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यासुद्धा स्वच्छ दिसतात. शाळा पहिल्याच क्रमांकावर.

लेक बाजूला झोपलीये, पाय माझ्या मांडीवर. ७ लाख ६० हजार. एवढ्यात तिच्या बारावीनंतरची काही सोय होईल. अण्णांना बरं वाटेल. कायदा माझ्या बाजूचा आहे.

'सबमिट'वर बोट नेलं आणि ती निळी ताडपत्री आठवली, असं लिहिलं तर छान वाटेल. तसं झालं नाही. मला त्या पोराचं वर बघणं आठवलं, ९६ हजार टाइप करायच्या आधीचं, आणि मी मोबाइलमध्ये घातलेलं तोंड. माझ्या फॉर्मवर कुणी वर बघणार नव्हतं.

साडेबारा वाजून गेले. साइट बंद झाली. अर्ज अपूर्ण.

महिन्याने, सोमवार

स्टेशनवरून रिक्षा केली तर तोच. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. "ताई, बलूनवाल्या ना तुम्ही?"

मुलीचं नाव निवड यादीत नाही, वेटिंगमध्ये २३ वं आहे. १५ जागांना २३ वं वेटिंग. तो म्हणाला, कुणाकुणाचे कागद पडताळणीत कमी पडतात, मग वरचे नंबर सरकतात. दुकानातल्या पोराने सांगितलंय. स्वतःचे कागद पडताळणीत काय होतील याबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही.

आमच्या लेकीची त्याच शाळेत पूर्ण फीची जागा झालीये. पहिला हप्ता गेल्या आठवड्यात भरला. अण्णांना मी सांगितलंय की लॉटरी लागली नाही. तेव्हापासून ते दोन दिवसांनी एकदा वेटिंग बघ म्हणतात.

सिग्नलला रिक्षा थांबली. त्याने आरशातून विचारलं, "तुमच्या मुलीचं लागलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"लागेल ताई. वेटिंग बघत राहा," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला.