शरद संपता संपता जुन्या फोटोंची पेटी उपसली, त्याचा अनुभव

घराण्याची माहिती एकदा नीट लिहून काढायची असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. या वेळी शरद संपता संपता हात घातला, आणि या कामाला याच्यासारखा मोसम नाही असं माझं आता ठाम मत झालंय. एकतर अंधार लवकर पडतो, म्हातारी माणसं संध्याकाळी बाहेर पडत नाहीत, गप्पांना मोकळी सापडतात. दुसरं म्हणजे हवा. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो दमट हवेत फुगतो, चिकट होतो, आणि मग फोटो एकमेकांना धरून बसतात. हवा कोरडी आणि गार झाली की पेटी बिनधास्त उघडता येते.

बरेच जण आधी अ‍ॅप घेतात आणि वंशवृक्षाचे चौकोन भरत बसतात. मी ते मुद्दाम मागे ठेवलं. नोंदी रजिस्टरात पडून असतात, त्या पुढच्या वर्षीही मिळतील, पण ज्यांना आठवतंय त्यांचा काय भरवसा. म्हणून सुरुवात आत्यापासून.

मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकला, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवला (नाहीतर टेबलावर काहीही ठेवलं की धडाधड आवाज येतो), पंखा बंद केला आणि रेकॉर्डिंग सुरू. "तुझ्या लहानपणाबद्दल सांग" असं विचारलं तर कोणीही "काय सांगायचं त्यात" म्हणून गप्प बसतं, आत्याही बसली. मग तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हटलं, तू वाढलीस त्या घराचा नकाशा काढ. बस्स. दार कुठे, जिना कुठे, कोण कुठल्या खोलीत झोपायचं, कुठल्या खिडकीला गज नव्हते, आजोबा कागदपत्रं कुठल्या फडताळात ठेवायचे, एकेक काढत गेली आणि प्रत्येक खोलीला एक गोष्ट निघाली. मध्येच काका आले आणि म्हणाले जिना उजवीकडे नव्हताच, डावीकडे होता, झालं, त्यावर दोघांची जुंपली. ती जुंपली तेव्हाच सगळ्यात जास्त माहिती हाती लागली. एका बैठकीला तासाभराच्या वर ताणायचं नाही मात्र, दमल्यावर सगळे नुसतं हो हो करायला लागतात.

मग फोटो. आमच्याकडे ते चिकट पानांचे अल्बम होते, वर प्लास्टिकचा कागद ओढायचा ते. दिसायला छान, पण तो गोंद आणि ते प्लास्टिक फोटो खातात. आधी अख्खं पान जसं आहे तसं स्कॅन केलं, कारण कुठला फोटो कुठल्याच्या शेजारी लावलाय हीसुद्धा माहितीच असते. मग दातांसाठी वापरतात तो फ्लॉस फोटोखालून हळूहळू करवतीसारखा ओढत सोडवले. जो सुटत नाही त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, तो पानासकट ठेवायचा.

नेहमीच्या चार बाय सहा इंची फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) भरपूर होतं, २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. रंगीत टिफ फाइल (हिच्यात फोटोतलं काही गाळलं जात नाही) साधारण २६ एमबीची होते, जागा खाते खरी, पण जेपेग दुरुस्त करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दरवेळी थोडी खराब होते, म्हणून मूळ प्रत टिफ आणि नातेवाइकांना पाठवायला जेपेग. फाइलच्या नावात वर्ष आधी लिहायचं म्हणजे आपोआप क्रम लागतो. फोटोमागे बॉलपेन अजिबात नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल चालते, पण साधारण १९७० नंतरच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर ती उमटतच नाही, तिथे पाकिटावर लिहा.

तारखा लावणं हा वेगळाच नाद आहे. चौकोनी रंगीत प्रिंट दिसली की मी आधी १९६३ नंतरची धरतो, कारण त्या वर्षी कोडॅकचा इन्स्टामॅटिक आला आणि त्याच्या फिल्मवर चौकोनी फोटो यायचे. नुसत्या आकारावर शपथ घेता येत नाही, त्याआधीही चौकोनी फोटो काढणारे कॅमेरे होतेच. काही प्रिंटच्या पांढऱ्या कडेला महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पण ते प्रिंट काढल्याचं, फोटो काढल्याचं नाही! रोल कॅमेऱ्यात महिनोन् महिने पडून असायचा. एका फोटोतली बाई कोणालाच ओळखू येईना, तर आत्याने चेहरा सोडून मागचा पडदा बघितला आणि म्हणाली, हा पडदा नव्या घरातला, म्हणजे बदलीनंतरचा फोटो, म्हणजे ही शेजारची. विषय संपला.

एवढं झाल्यावर मग वंशवृक्ष. त्याला १५९० मध्ये मिखाएल आयझिंगर याने छापलेली आकड्यांची पद्धत वापरली, अजून तिच्याइतकी सोपी दुसरी बघितली नाही. आपण १, वडील २, आई ३. कोणाचाही आकडा दुप्पट केला की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. पणजोबा-पणज्या ८ ते १५ मध्ये बसतात. कागदावर मांडलं आणि लगेच दिसलं की ८ नंबरबद्दल, म्हणजे वडिलांच्या आजोबांबद्दल, पानभर माहिती आहे आणि १५ नंबरचं, आईच्या आईच्या आईचं, माहेरचं नावसुद्धा कोणाला येत नाही. सगळ्या घरांत हेच असणार म्हणा. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फक्त जेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) बाहेर काढता येते का ते बघा, १९८४ पासून हाच फॉरमॅट चालत आलाय, उद्या कंपनी बंद पडली तरी माहिती दुसरीकडे नेता येते. जिन्याबद्दल आत्याचं आणि काकांचं दोन्ही म्हणणं लिहिलंय, कोणी कधी सांगितलं त्यासकट.

सध्या निगेटिव्ह चालू आहेत. एका डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, म्हणजे अ‍ॅसिटेटची (हा जुन्या फिल्मच्या प्लास्टिकचा एक प्रकार) फिल्म कुजायला लागली आहे आणि तो वास शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो, म्हणून तो डबा वेगळ्या खोलीत नेऊन ठेवलाय आणि बाकी सगळं बाजूला सारून आधी त्याचंच स्कॅनिंग घेतलंय.