शेवटची व्यंजने

शेजारची मुलगी दुपारी अपूर्णांकांची उदाहरणे मोठ्याने वाचत होती. ती ‘फाइव्ह अपॉन सिक्स’ इतक्या सहज म्हणाली की आपल्याकडच्या गणिताच्या शिक्षकांविषयी मला नव्याने आदर वाटला. इंग्रजाला तिथे ‘फाइव्ह सिक्स्थ्स’ म्हणावे लागते, म्हणजे एका इवल्याशा स्वरामागे क, स, थ, स अशी चार व्यंजने ओळीने काढावी लागतात. तो तरी ती सगळी कुठे काढतो? घाईत एखादे गाळतोच. ‘क्लोद्स’चे तर सर्रास ‘क्लोझ’ करतो.

जोडाक्षरांचे भय मराठी माणसाला वाटण्याचे कारण नाही. ‘स्त्री’ म्हणणाऱ्याला ‘स्ट्रीट’ अवघड नाही, ज्योत्स्ना नावाची मावशी घरोघरी असते आणि संस्कृतातल्या ‘कार्त्स्न्य’मध्ये तर र, त, स, न, य अशी पाच व्यंजने एकमेकांना खेटून बसली आहेत. जपानी माणूस ‘स्ट्राइक’चे ‘सुतोराइकु’ करतो, तशी वेळ आपल्यावर येत नाही. आपली अडचण शब्दाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मराठीत व्यंजनांची कितीही दाटी झाली, तरी त्यांना उतरवून घ्यायला पलीकडे एखादा स्वर उभा असतो. ‘शब्द’ किंवा ‘रक्त’ म्हणताना शेवटी बारीकसा अ उमटतोच. ‘टेक्स्ट्स’च्या शेवटी मात्र कोणीच नसते.

माझी आजी ‘फिल्म’ला ‘फिल्लम’ म्हणे. आत्या तिला दर वेळी दुरुस्त करी. पानाला चुना लावता लावता आजी थांबे, आत्याचा उच्चार मन लावून ऐके आणि मग शांतपणे म्हणे, “तेच म्हणत्ये मी, फिल्लम.” आयर्लंडमध्येही पुष्कळ लोक इंग्रजी बोलताना असाच उच्चार करतात, कारण ल आणि म यांच्यामध्ये स्वर सरकवण्याची आयरिश भाषेची जुनी रीत आहे. आत्याला हे कळले असते, तरी तिने ऐकले नसतेच.

इंग्रजांनाही स्वतःची सगळी जोडाक्षरे पेलली नाहीत. ‘नाइफ’ आणि ‘नी’ यांच्या आरंभीचा क ते पूर्वी स्वच्छ उच्चारत. सतराव्या शतकाच्या सुमारास तो गळून पडला आणि लिहिण्यापुरता उरला. जर्मन माणूस गुडघ्याला अजूनही ‘क्नी’च म्हणतो. इकडे नोकरीच्या मुलाखतीला आलेला एखादा मुलगा ‘इस्टेशन’ म्हणाला, की टेबलापलीकडचे साहेब एकमेकांकडे पाहतात आणि त्याच्या कागदावर काहीतरी खूण करतात. त्या साहेबांपैकी एकही जण ‘नाइफ’मधला क उच्चारत नाही, आणि त्यासाठी त्यांचे गुण कोणी कापलेले नाहीत.