विराटच्या बॉयलर रूममध्ये

मी विमानवाहू नौकेवर नोकरी केली आहे असे कळले की समोरचा माणूस बहुधा सी हॅरियर विमानांविषयी विचारतो, आणि ती विमाने उडताना मला फारशी पाहायलाच मिळाली नाहीत असे सांगितले की त्याचा थोडा हिरमोड होतो. आयएनएस विराटवरील माझी जागा फ्लाइट डेकच्या कितीतरी मजले खाली, बॉयलर रूममध्ये होती. विराटविषयी आजवर जे वाचनात आले त्यात विमाने, वैमानिक आणि कप्तान भरपूर आहेत. त्या सगळ्यांना समुद्रात पुढे नेणारी वाफ मात्र क्वचितच भेटते.

विराट १२ मे १९८७ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. त्याआधी १९५९पासून ती ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश नौदलात होती आणि १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. म्हणजे आमच्यातील बहुतेक तरुण खलाशांपेक्षा ती वयाने मोठी होती. सुमारे २८,००० टनांच्या या नौकेला चार बॉयलर आणि त्यांच्या वाफेवर फिरणारी दोन टर्बाइन होती, आणि ७६,००० अश्वशक्तीच्या बळावर ती २८ नॉटपर्यंत (ताशी सुमारे ५२ किलोमीटर) वेग घेऊ शकत असे.

गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या आजच्या नौका थोड्या वेळात बंदर सोडू शकतात. विराटचे तसे नव्हते. सकाळी निघायचे असेल तर आमची लगबग आदल्या दिवशीच सुरू होत असे, कारण थंड बॉयलर घाईने तापवला तर धातू असमान प्रसरण पावून नळ्यांवर ताण येतो, आणि टर्बाइनही हळूहळू फिरवत उबदार करून घ्यावी लागतात. त्यामुळे इतर विभागांतील मित्र बंदरातील शेवटची संध्याकाळ बाहेर घालवत असताना आम्ही डांगरी, म्हणजे कामाचा जाड पोशाख, चढवून खाली उतरलेले असायचो. त्याचे वाईट वाटत असे, पण दाबमापकाचा काटा हलू लागला की ते विसरायला होई.

समुद्रात असताना आमची नजर मुख्यतः दोन गोष्टींवर असे: पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि धूर. पातळी फार खाली गेली तर नळ्या जळतात. फार वर गेली तर वाफेबरोबर पाण्याचे थेंब टर्बाइनपर्यंत पोहोचतात आणि पाती खराब करतात. धुराचे गणित निराळे. काळा धूर म्हणजे भट्टीला हवा कमी पडते आहे आणि पांढरा धूर म्हणजे हवा जास्त झाली आहे. आमचे चीफसाब स्वतः धूर न पाहता, केवळ पंख्याच्या आणि ज्वाळेच्या आवाजावरून ‘हवा बढ़ाओ’ असे ओरडत, आणि मग पाहिले तर खरोखरच धूर काळवंडू लागलेला असे. एवढा तयार कान मी पुढे कुठेही पाहिला नाही.

विमाने उडवायची असली की नौका वाऱ्याला सामोरी वळून वेग वाढवीत असे, कारण डेकवरून वाहणारा वारा जितका जोरदार, तितके सी हॅरियरला पुढच्या १२ अंशांच्या चढावरून झेपावणे सोपे जाते. खाली आम्हाला ना वारा कळे ना विमान. टर्बाइनने एकदम जास्त वाफ ओढली की दाब उतरू लागे आणि आम्ही धावपळ करून बॉयलरचे आणखी स्प्रेअर, म्हणजे भट्टीत इंधन फवारणारे नळ, पेटवत असू. वेग कमी झाला की तितक्याच चपळाईने ते बंद करावे लागत, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून सगळ्या नौकेला आमची कामगिरी ऐकू जायची! या चढउतारांवरून वर काय चालले आहे याचा अंदाज आम्ही बांधत असू आणि तो सहसा बरोबर निघे.

रात्री बारा ते चारचा मिडल वॉच, म्हणजे मध्यरात्रीची पाळी, कोणालाच आवडत नसे. दुपारी चार ते आठ हे तास मुद्दाम दोन-दोन तासांच्या दोन डॉग वॉचमध्ये विभागलेले असतात, त्यामुळे दिवसाच्या पाळ्यांची संख्या विषम होऊन तीच पाळी रोज त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही. ज्याने कोणी ही युक्ती काढली, त्याला मी मिडल वॉचमध्ये अनेकदा मनोमन सलाम केला आहे. तरीही, खरे सांगायचे तर, सर्वांत मोकळ्या गप्पा त्याच पाळीत झाल्या. उष्म्याने सगळे सारखेच घामाघूम झालेले असत आणि हुद्द्यातील अंतर थोडे कमी होत असे. यंत्रांच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन बोलावे लागे, त्यामुळे कोणी उगाच लांबण लावत नसे.

पाळी संपल्यावर अंघोळीला मोजकेच पाणी मिळायचे. समुद्राचे पाणी उकळून गोडे पाणी आमचाच विभाग तयार करी, पण त्यावर पहिला हक्क बॉयलरचा होता, कारण त्याला अतिशय शुद्ध पाणी लागते. मेस डेकवरील (खलाशांच्या जेवणा-राहण्याच्या मजल्यावरील) मंडळी यावरून आम्हाला टोमणे मारत. त्यांच्या मते आम्ही बॉयलरला माणसांपेक्षा जास्त जपत होतो, आणि तो आरोप अगदीच खोटा नव्हता.

विराट ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली, अशी नोंद आहे. आम्हा वाफेवाल्यांच्या लेखी ती जुलै २०१६मध्येच निवृत्त झाली, कारण मुंबईहून कोचीपर्यंतचा तो प्रवास तिने स्वतःच्या वाफेवर केलेला शेवटचा होता. तेथून मुंबईला तिला टगने ओढत आणावे लागले. सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८मध्ये मान्यता दिली होती, पण ते घडले नाही आणि २०२०मध्ये ती गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. संग्रहालय झाले असते तर लोकांनी डेकवर जाऊन विमानाशेजारी छायाचित्रे काढली असती, आणि त्यात गैर काहीच नव्हते. माझ्या हाती असते, तर मी मात्र प्रत्येकाला आधी शिड्या उतरवून बॉयलर रूममध्ये नेले असते.